परत आलेल्या महालक्ष्म्या

विनताताई वैरागडे यांच्या जबलपूरच्या विजय नगरमधल्या फ्लॅटमध्ये एकूण किती महालक्ष्म्या राहतात, हे त्यांच्या नवऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. घरातल्या मूळच्या दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, देवघराच्या वरच्या फळीवर असतात. बाकीच्या कपाटावर, दिवाणात आणि पाहुण्यांच्या पलंगाखाली. देवीच्या वर झोपायचं कसं हा प्रश्न निघाल्यापासून पाहुणे येणं कमी झालं आहे. संपत्तीची देवता इतक्या संख्येनं ज्या घरात मुक्कामाला आहे, त्या घराचं वीजबिल मुलगा पुण्याहून भरतो.

भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या बसवायच्या, ही वैरागड्यांसारख्या विदर्भातून आलेल्या घरांची रीत. पहिल्या दिवशी आतून कोण आलं विचारायचं, दारातून महालक्ष्मी आली म्हणायचं आणि मुखवटे वाजतगाजत आत आणायचे, दुसऱ्या दिवशी पूजा आणि पंगत, तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून निरोप. पुण्याकडे यांनाच गौरी म्हणतात आणि जरा लवकर आटोपतात, असं विनताताईंचं मत आहे. घरातली माणसं नोकरीनिमित्त जबलपूर, भिलाई, रायपूर, भोपाळला गेली, देव्याही त्यांच्याबरोबर गेल्या. पण मुखवटा तडकला तर नवा मिळायचा कुठे? तिकडच्या बाजारात दुर्गा मिळते, गणपती मिळतो. माहेरी आलेल्या बाईसारखा चेहरा मिळत नाही.

तो चेहरा विनताताईंना रंगवता येतो. अमरावतीच्या माहेरी शेजारच्या मूर्तिकाराच्या अंगणात बसून त्या डोळ्यांची आखणी शिकल्या. त्यांच्या महालक्ष्म्या समोर पाहत नाहीत. किंचित खाली पाहतात, लांबचा प्रवास करून आल्यासारख्या. पुढे त्यांना खरोखरच बराच प्रवास घडणार होता, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

नवरा, शालिग्राम वैरागडे, फॅक्टरीत तपासणी विभागात होते. आलेला माल पाहायचा आणि नापास करायचा, यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. मुलगा पियूष म्हणाला, पुण्याला चला. विनताताई म्हणाल्या, आम्ही इथेच भाड्यानं राहू, भाडं मी काढीन. पियूषनं मग मोबाइलवर दुकान उघडून दिलं, मुखवट्यांचे फोटो टाकले आणि अट घातली की भाडं धंद्यातून निघालं पाहिजे. ज्या वर्षी निघणार नाही त्या वर्षी बॅगा भरायच्या. मुलगा प्रेमळ होता. त्याच्या घरी त्यांना सांभाळलं जाणार होतं. विनताताईंना या शब्दाची भीती वाटे. त्यांनी स्वतः सासूला सांभाळलं होतं, आणि त्यात काय काय येतं हे त्या जाणून होत्या.

मोबाइलच्या दुकानात एक बटण होतं: पार्सल घरी आल्यावर पैसे. पियूष त्याला सीओडी म्हणे. हे बटण चालू केलं की गिऱ्हाईक पैसे न देता ऑर्डर देऊ शकतं, आणि दारात आलेलं पार्सल न घेता परत पाठवू शकतं. जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही खर्च विकणाऱ्याच्या माथी. पहिल्या वर्षी विनताताईंनी ते चालू केलं. ऑर्डरींचा पाऊस पडला. मग पार्सलं परत येऊ लागली. कुणाच्या सासूला नाक पसंत पडलं नव्हतं. कुणाकडे सुतक आलं. एका गृहस्थानं सांगितलं, "मैंने तो ऐसे ही दबा दिया था, देखने के लिए कि दबता है कि नहीं." दबत होतं.

पहिलं परत आलेलं पार्सल नेमकं आवाहनाच्या दिवशी आलं. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढून झाली होती, आणि शालिग्रामजी दारात उभे होते. कुरिअरवाला आनंद जिना चढून वर आला.

"अंकलजी, माताजी वापस आ गईं. साइन कर दीजिए."

"थांब," शालिग्रामजी म्हणाले. "वहीं रुको. अंदर मत लाना."

आनंद थांबला. त्याला वाटलं, रक्कम वगैरेचं काही असेल. शालिग्रामजी आत वळून बायकोला म्हणाले, "अवं, सूप आण."

"काहून?"

"महालक्ष्मी दारात उभी आहे अन् विचारते काहून."

ज्या मुहूर्ताला महालक्ष्म्या घरात यायच्या, त्याच मुहूर्ताला महालक्ष्म्या दारात आल्या होत्या. ज्या माणसानं आयुष्यभर माल नापास केला, त्याला हा माल नापास करता येईना. खोका उघडला, मुखवटे सुपात घेतले, हळदकुंकू लागलं, त्या पावलांवरून आत गेल्या. आनंदनं चप्पल काढून हात जोडले आणि मग सही घेतली.

एकदा हळदकुंकू लागून घरात आलेली महालक्ष्मी विकायची नसते. तिला दरवर्षी बसवावं लागतं. पहिल्या जोडीला आत घेतल्यावर पुढच्या जोडीला विकायच्या मालात ठेवणं बरं दिसेना. म्हणून मग जी परत येईल ती आत, असा घरचा नियमच झाला. विनताताईंनी भांडण केलं असतं, पण भांडायला दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागतं, आणि त्या याच बाजूला होत्या.

त्यांची मैत्रीण मेघना सदर बाजारात कपडे विकते, दुकानातही आणि मोबाइलवरही. तिचं गिऱ्हाईक म्हणजे छावणीतल्या फौजी अफसरांच्या बायका. बदली झाली तरी तिच्याकडूनच मागवतात. ती म्हणाली, "ताई, ते सीओडी बंद करून टाका. मी केलं. ऑर्डरी अर्ध्या झाल्या, झोप पूर्ण झाली."

"तुझं ठीक आहे. तुझे कुर्ते आहेत."

"तर? परत आलेला कुर्ता मी काय ओवाळून घेते काय? इस्त्री मारते अन् दुसऱ्या अफसरणीले पाठवते. तुम्हीपण पुसा, डबा बदला, पाठवा."

"कुर्ता नैवेद्य नाही मागत, मेघना."

"मग तुमच्या घरात दरसाल नवीन पंगत बसून राहील, अन् तुम्ही वाढून राहाल. पाहा बाप्पा."

दुसऱ्या वर्षीही तेच झालं. भाडं अर्धं निघालं, अर्धं पियूषनं भरलं. तो फोनवर म्हणाला, "आई, समझ ना. यंदा शेवटचं. पुढच्या वर्षी भाडं नाही निघालं तर दिवाळीच्या आधी तुम्ही इकडे. वैभवीनं हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेतला आहे." वैभवी त्याची बायको, चांगली मुलगी. सोफा-कम-बेडचा रंगही तिनं सासूला विचारून घेतला होता. त्यावर बसून डोळ्यांची आखणी होईल का, हे विचारायचं तिला सुचलं नाही आणि होणार नाही हे सांगायचं विनताताईंना.

या वर्षी त्यांनी बटण बंद केलं. श्रावण लागला. मोबाइल शांत झाला. इतका की विनताताईंनी दोनदा रिचार्ज संपला का ते पाहिलं. अर्धे पैसे आधी, अर्धे पार्सल आल्यावर, असा मधला मार्ग मेघनानं सुचवला. तोही ठेवून पाहिला. भिलाईहून एका बाईंचा फोन आला.

"दीदी, सीओडी नहीं है क्या?"

"आधा पहले देना पड़ेगा जी. बाकी घर पहुँचने पर."

"पहले कैसे दें? देवी का मामला है. चेहरा देखे बगैर?"

"चेहरा फोटो में है ना."

"फोटो में तो मेरी बहू भी अच्छी दिखती थी." मग म्हणाल्या, "आप मराठी हो क्या? बोली से लग रहा."

"हो. वैरागडे. मूळचे अमरावतीकडचे."

"अच्छा, अच्छा. आम्ही वर्ध्याचे. मग तर तुम्ही सीओडी द्यालच."

विनताताईंनी दिलं नाही. बाईंनी घेतलं नाही. आपल्या माणसानं आपल्या माणसावर विश्वास ठेवावा, यावर दोघींचं एकमत झालं आणि फोन संपला.

पोळा जवळ आला तेव्हा रायपूरहून सुखदा नावाच्या मुलीचा फोन आला. नुकतंच लग्न झालेली, आवाज गोड. सासरच्या सगळ्या चुलत घरांसाठी मिळून मुखवटे हवे होते, जोड्याच जोड्या. एवढी ऑर्डर विनताताईंना कधीच आली नव्हती. ती पार पडली तर वर्षाचं भाडं त्यातच निघत होतं, आणि पुण्याचा सोफा पाहुण्यांसाठी मोकळा राहत होता.

"अर्धे आधी पाठव, बाई," विनताताई म्हणाल्या.

"काकू, पाठवले असते मी. पण आमच्या सासूबाई म्हणतात, लक्ष्मीचे पैसे आगाऊ देत नसतात. आधी ती घरात येते, तिची ओटी भरायची, मग पैसे. नाहीतर आपण तिला विकत घेतल्यासारखं होतं."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती. विनताताईंना ते खरं वाटलं, कारण त्यांच्या सासूनंही हेच सांगितलं असतं. त्यांनी शालिग्रामजींना विचारलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." मेघनाला विचारलं. ती म्हणाली, "मले काहून विचारून राहिल्या मग? तुम्ही तर ठरवून बसल्या."

बटण पुन्हा चालू झालं, एका गिऱ्हाइकासाठी. विनताताईंनी जीव ओतून डोळे आखले. शालिग्रामजींनी प्रत्येक मुखवटा खिडकीशी नेऊन तपासला आणि आयुष्यात प्रथमच सगळा माल पास केला. कागदाच्या भुशात बसवून, मोठ्या खोक्यात भरून, वर लाल अक्षरात लिहिलं: नाजूक, देवी आहे.

आनंद खोका न्यायला आला तो शुक्रवारी.

"आज नहीं भैया," विनताताई म्हणाल्या. "शुक्रवार को लक्ष्मी घर से नहीं निकालते. कल ले जाना."

"आंटीजी, गाड़ी आज की है. कल वाला माल एक दिन पीछे जाएगा."

"एक दिवसानं काय होते?"

शनिवारी खोका गेला. तो एक दिवस उशिरा रायपूरला पोचला, आणि तो दिवस पोळ्याचा निघाला, म्हणजे अमावस्येचा. तिथल्या कुरिअरवाल्यानं सुखदाच्या दारावर बेल वाजवली. सासूबाई बाहेर आल्या, वर लिहिलेलं वाचलं आणि दोन पावलं मागे सरल्या. अमावस्येला लक्ष्मी घरात घेतात का कुणी? त्यांनी गोड शब्दांत सांगितलं, भैया, कल ले आना, आज नहीं ले सकते. तोही गोड शब्दांत ठीक है म्हणाला. त्याच्या मोबाइलमध्ये पार्सल न दिल्याची कारणं आधीच ठरवून दिलेली असतात: घर बंद, पत्ता चुकीचा, ग्राहकानं नाकारलं. अमावस्या हे कारण त्यात नव्हतं. त्यानं त्यातल्या त्यात जवळचं निवडलं.

एका घरानं शुक्रवार पाळला, दुसऱ्यानं अमावस्या. दोन्हीकडे श्रद्धा होती. मध्ये कुरिअर होतं.

सुखदाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. "काकू, अजून नाही आला तो भैया. काल आम्हीच म्हटलं होतं उद्या आण."

विनताताईंनी मोबाइलमध्ये पाहिलं. खोका परतीच्या वाटेला लागला होता. त्यांनी कुरिअरच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथे एक बाई हिंदीत धन्यवाद देत राहिली. ती माणूस नाही हे कळायला विनताताईंना वेळ लागला, कारण त्यांनी तिला सगळी हकिकत सांगितली होती. शेवटी एक खरा माणूस आला. तो म्हणाला, नाकारलेलं पार्सल वाटेत वळवता येत नाही, आधी जबलपूरला पोचेल, मग पुन्हा पाठवा.

"तवर महालक्ष्म्या बसतील ना," विनताताई म्हणाल्या.

"जी?"

"कुछ नहीं."

सुखदाला वाट पाहणं शक्य नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी नागपूरला गाडी पाठवून मुखवटे आणवले. "काकू, खूप वाईट वाटलं," ती म्हणाली. "पण तुम्हीच सांगा, अमावस्येला तुम्ही घेतल्या असत्या?"

विनताताईंनी खरं ते सांगितलं. "नसत्या घेतल्या, बाई."

पियूषला सांगणं भाग होतं. तो रागावला नाही. त्यानं हिशेबी माणसासारखा विचार केला. "आई, माल तो है ना? परत येऊन राहिला ना? तुटला नसेल तर पुढच्या वर्षी तोच विकू. नवीन बनवायचा खर्च नाही. चलो, एक साल और. भाडं मी पाहतो. पण एक सांगतो, बाबांना म्हण, खोका उघडायचा नाही. हळदकुंकू लागलं की खतम."

म्हणजे एक वर्ष मिळालं होतं. खोका बंद राहिला पाहिजे, एवढंच.

जाताना झरझर गेलेल्या पार्सलाला परत येताना घाई नसते. तो खोका आला आवाहनाच्या दिवशी. उंबऱ्यापासून पावलं काढून झाली होती. आनंदनं खोका दारात टेकवला आणि सवयीनं चप्पल काढली.

"आनंद भैया," विनताताई म्हणाल्या, "तीन दिन बाद ला सकते हो क्या? तुम्हारे यहाँ रख लो."

"नहीं आंटीजी. आज आपने नहीं लिया तो मुझे रिफ्यूज़ डालना पड़ेगा. फिर ये कहाँ जाएगा, मुझे भी नहीं पता."

त्यांनी सही केली आणि खोका बाहेरच, जिन्याच्या चौकात, भिंतीला लावून ठेवायला सांगितलं. तीन दिवस तो बाहेर राहिला तर माल होता. आत आला तर देव. शालिग्रामजी दारात उभे होते. त्यांनी खोक्यावरची लाल अक्षरं वाचली, बायकोकडे पाहिलं, आणि आत जाऊन घरच्या दोघींना सुपात घेतलं. त्या वर्षी प्रश्न आणि उत्तर दोन्ही त्यांनीच म्हटलं.

पूजेच्या दिवशी बायका दर्शनाला येऊ लागल्या. विजय नगरमधल्या मराठी घरांत हे वैरागड्यांचं घर आता प्रसिद्ध झालं होतं. एवढ्या महालक्ष्म्या एका ठिकाणी कुठे पाहायला मिळतात? एकीनं विचारलं, "ताई, तुमच्याकडे दरवर्षी वाढतात. काय पुण्याई आहे हो." विनताताईंनी तिला पुरणपोळी वाढली. त्यांची नजर दर थोड्या वेळानं दाराकडे जाई. आत आंबील होती, सोळा भाज्या होत्या, झेंडूच्या माळा होत्या. बाहेर भुशात तोंडं खुपसून त्या बसल्या होत्या, खाली पाहणाऱ्या.

"जेवून घे," शालिग्रामजी म्हणाले.

"तुम्ही घ्या."

"मी नाही म्हणून राहिलो काही त्याबद्दल. तू ठेवलं ते बरोबरच आहे. पियूष बरोबरच सांगते." ते पानावर बसले आणि भाजीतला कढीपत्ता वेगळा करत राहिले. सगळं बरोबर असताना त्यांना कधीच जेवण जात नसे.

दिवेलागणीला गर्दी वाढली. विनताताई एका म्हाताऱ्या बाईंना जिन्यापर्यंत सोडायला बाहेर आल्या. चौकात चपलांचा ढीग झाला होता. पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून कुणीतरी, अगदी नीट, जोडीनं, आपल्या चपला खोक्यावर ठेवल्या होत्या. लाल अक्षरातलं "देवी" एका टाचेखाली गेलं होतं.

विनताताईंनी त्या चपला उचलून खाली ठेवल्या. पदरानं खोका पुसला. म्हाताऱ्या बाईंना त्या म्हणाल्या, "सांभाळून उतरा हं, तिसरी पायरी फुटलेली आहे." त्या खाली पोचेपर्यंत उभ्या राहिल्या. मग दातांनी चिकटपट्टी तोडली.

त्या मुखवटे घेऊन उंबऱ्याशी आल्या तेव्हा कालची पावलं पायांखाली येऊन पुसली गेली होती. आतल्या बायकांनी वाट करून दिली. शालिग्रामजी उठले. त्यांनी हात धुतले, आणि रीतीप्रमाणे आतून विचारलं, "कोण आलं?"

विनताताईंनी रीतीप्रमाणे सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फेऱ्या बऱ्याच झाल्या. प्रत्येक जोडीला वेगळं विचारावं लागतं. शेवटी शेवटी जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी दोघींना टीव्हीच्या समोर बसवलं.

त्याच रात्री त्यांनी पियूषला कळवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण आई, इकडे इतक्या मावणार नाहीत. वैभवी म्हणते एक जोडी. बाकी कुणाला तरी देऊन टाका."

"दुसऱ्याच्या घरची महालक्ष्मी कोणी नेते का?"

"मग तूच सांग ना, काय करायचं?"

मेघना सकाळी मदतीला आली आणि तिनं काहीही ऐकवलं नाही, यावरून आपलं पुण्याला जाणं ठरलं हे विनताताईंना समजलं.

तिसऱ्या दिवशी निरोप. दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली. अक्षता हातात घेऊन प्रत्येकीवर टाकायच्या, पुढच्या वर्षी परत या म्हणायचं, आणि मुखवटा जागचा जरासा हलवायचा. विनताताईंनी अक्षता टाकल्या. मुखवटे हलवले. पण बोलल्या काही नाहीत.

शालिग्रामजी ताम्हण धरून उभे होते. त्यांना वाटलं, विसरली.

"म्हण ना," ते म्हणाले. "परत या म्हण."

"काय म्हणू," विनताताई म्हणाल्या. "पत्ता बदलून राहिला आपला."

शालिग्रामजींनी ताम्हण खाली ठेवलं. टीव्हीसमोरच्या दोघी तेवढ्या हलवायच्या राहिल्या होत्या. त्या त्यांनी हलवल्या, आणि पलंगाखाली आणखी जागा होते का ते पाहायला वाकले.